बिझनेस स्कूलच्या अर्जाचे निबंध: यात तुमचा निर्णय कुठे आहे?

जीमॅटचा, म्हणजे बिझनेस स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचा, स्कोअर हातात आला की पुण्यातल्या बहुतेक उमेदवारांना वाटतं, अवघड काम उरकलं. निबंध काय, दोन शनिवार-रविवारांत होतील. मग पोर्टल उघडतं, आणि खराडी-हिंजवडीत पाच-सहा वर्षं इमानेइतबारे राबलेला माणूस रिकाम्या पानासमोर बसून राहतो. शेवटी कंटाळून तो आपला रेझ्युमेच पूर्ण वाक्यांत लिहून काढतो.

ओळखीतली मुलं-मुली असे मसुदे मला दरवर्षी पाठवतात. इंग्रजी बहुधा नीटनेटकं असतं. तरी वाचून झाल्यावर लिहिणाऱ्याबद्दल काही कळलेलं नसतं. प्रकल्प असतो, टीम असते, क्लायंटने केलेलं कौतुक असतं. नसतो तो असा एखादा प्रसंग, जिथे या माणसासमोर दोन रस्ते होते, दोन्हींत काहीतरी गमवावं लागणार होतं, आणि त्याने एक निवडला. निबंध वाचणारे नेमकं तेच शोधत असतात, कारण मॅनेजर म्हणून पुढे तुम्हाला करायचं तेच आहे. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एका गोष्टीकडे येतं.

आधी बघा, निबंध लागणार कुठे

राज्याच्या सीईटीतून कॅपद्वारे, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेणार असाल, तर निबंधाचा प्रश्नच नाही. कॅट देऊन आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाणार असाल, तर मुलाखतीच्या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी दिलेल्या विषयावर थोड्या वेळात लिहायचं असतं. त्याला डब्ल्यूएटी म्हणतात, अहमदाबादला एडब्ल्यूटी. त्याचा सराव वेगळा, त्यात हा लेख फारसा उपयोगी नाही.

इथे बोलायचंय ते आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस), आयआयएमचे अनुभवी लोकांसाठीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आणि परदेशी बिझनेस स्कूल्स यांच्याबद्दल. जीमॅटचं २०२३ च्या अखेरीस जे नवं रूप आलं, त्यात २०५ ते ८०५ अशी गुणांची पट्टी आहे, क्वांट, व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स असे तीन विभाग आहेत, आणि जुन्या परीक्षेतला लेखनाचा भाग नाही. म्हणजे तुमचं सलग लिहिलेलं काही त्यांच्यासमोर जाणार असेल, तर ते मुख्यतः हे निबंधच.

प्रश्न कसे असतात ते पाहा. स्टॅनफर्ड कित्येक वर्षं विचारत आलंय, ‘तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय, आणि का?’ जोडीला ‘स्टॅनफर्डच का?’ दोन्हींना मिळून १,००० शब्द, आणि साधारण ६५० व ३५० अशी विभागणी ते स्वतःच सुचवतात. हार्वर्डने ९०० शब्दांचा एकच मोकळा प्रश्न बरीच वर्षं ठेवला होता. २०२४ मध्ये तो काढून तीन छोटे निबंध आणले: करिअरच्या निवडींवर ३०० शब्द, नेतृत्वावर २५०, कुतूहलावर २५०. फ्रान्समधलं इन्सिआड तर आधी तुमची नोकरीच समजून घेतं. हाताखाली किती माणसं, बजेट किती, जबाबदारी कशाची. मग तुमच्या स्वभावातल्या जमेच्या आणि कमकुवत बाजू मोकळेपणाने लिहायला सांगतं.

प्रश्न बदलत राहतात. म्हणून गेल्या वर्षी मित्राने केलेली पीडीएफ बाजूला ठेवा आणि या वर्षीचं पोर्टल उघडून प्रश्न स्वतः उतरवून घ्या. शब्दमर्यादेसकट.

कच्चा माल गोळा करा, लगेच लिहायला बसू नका

पहिले दोन आठवडे एक वही घ्या. साधी दोनशे पानी. लॅपटॉपवर बसलात की हात आपोआप ‘लीडरशिप’, ‘इम्पॅक्ट’ असले शब्द टंकायला लागतात. वहीत मराठीत लिहा, कशीही, तोडकीमोडकी.

कॉलेज, नोकरी आणि घर-गल्ली-छंद अशा तीन ठिकाणच्या घटना आठवा. प्रत्येक घटनेपुढे फक्त चार प्रश्नांची उत्तरं: दुसरं काय करता आलं असतं? विरोध कोणी केला? माझं काय पणाला लागलं होतं? नंतर काय बदललं? पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल, म्हणजे त्या परिस्थितीत कोणीही तेच केलं असतं, तर ती घटना खोडून टाका. कितीही मोठ्या कंपनीतली असू दे.

पुण्यातल्या मुलांकडे मालाची कमतरता नसते, पण तो माल त्यांना अर्जाच्या लायकीचा वाटत नाही. फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या वेळी पन्नास जणांचं वेळापत्रक सांभाळलेला मुलगा ‘टीम मॅनेजमेंट’साठी ऑफिसातलं कसलंतरी स्प्रिंट प्लॅनिंग लिहितो. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत, प्रयोग तोंडावर आलेला असताना, मुख्य भूमिकेतल्या मित्राला बदलायचा निर्णय ज्या दिग्दर्शिकेने घेतला, तिने तो प्रसंग एका ओळीत, रेझ्युमेच्या तळाशी, ‘हॉबीज’मध्ये टाकलेला असतो. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत वडीलधाऱ्या मंडळींसमोर उभं राहून बिल्डरच्या प्रस्तावातलं गणित मांडलेली मुलगी म्हणते, ‘अहो मावशी, ते काय लिहायचं!’ तेच लिहायचं.

एक इशारा मात्र द्यायला हवा. ढोल-ताशा पथकावर निबंध लिहायचा मोह पुण्यात अनेकांना होतो, आणि त्यातले बरेच पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकासारखे होतात. लक्ष्मी रस्ता, गुलाल, पारंपरिक वेश, अंगावर काटा. वाचणाऱ्याला गणेशोत्सव समजून घ्यायचा नसतो. पथकात नव्या वादकांना मिरवणुकीत उभं करायचं की जुन्यांनाच, यावर भांडण झालं आणि तुम्ही अमुक बाजू घेतली, त्यामुळे दोन चांगले मित्र पथक सोडून गेले, हे सांगता येत असेल तर जरूर लिहा. उत्सवाला दोन ओळी पुरतात.

घरच्या परिस्थितीबद्दल आपण दोन टोकांना जातो. एक तर काहीच सांगायचं नाही, घरातलं घरात. नाहीतर एकदम रडकं. वडिलांनी व्हीआरएस घेतली, घराचे हप्ते तुमच्या पहिल्या पगारातून गेले, म्हणून परदेशी नोकरीची संधी सोडली, ही गोष्ट तीन कोरड्या वाक्यांत सांगा आणि पुढे चला. विशेषणं लागली तर ती वाचणाऱ्यालाच लावू द्या.

आता तोंडी सांगा

वहीतले चार-पाच प्रसंग निवडा आणि ते कोणाला तरी मराठीतून, मोठ्याने सांगा. फोनवर रेकॉर्ड करा. ऐकणारी व्यक्ती आई-वडील नकोत, त्यांना सगळंच आवडतं. तुमच्या क्षेत्राबाहेरचा मित्र चालेल. त्याला एवढंच सांगा, कंटाळा आला की हात वर कर. तो हात बहुधा प्रकल्पाची पार्श्वभूमी सांगताना वर जातो, आणि ‘मग सर म्हणाले, तुझ्या जबाबदारीवर कर’ या वाक्याला मित्र सरसावून बसतो. तुमचा निबंध तिथे सुरू होतो.

मराठीत सांगण्याचा फायदा असा, की खोटं बोलणं जड जातं. ‘मी विविध भागधारकांना एका व्यासपीठावर आणलं’ असं मित्राला सांगून बघा, तो हसेल. त्याला तुम्ही सांगाल, ‘परचेसवाले आणि प्रॉडक्शनवाले एकमेकांशी बोलतच नव्हते, म्हणून मी दोघांना कँटीनमध्ये गाठलं.’ इंग्रजीत हेच वाक्य उतरवा, अर्थात इंग्रजीच्या पद्धतीने. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलंत तर पुन्हा पंचाईत.

एक प्रसंग, दोन मसुदे

हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एक उदाहरण रचते. समजा, चाकणच्या एका वाहन कंपनीत व्हेंडर क्वालिटी, म्हणजे पुरवठादारांकडून येणाऱ्या भागांचा दर्जा, बघणारी इंजिनिअर आहे. खरा निबंध इंग्रजीत जाईल, इथे सोयीसाठी मराठीत देते. तिचा पहिला मसुदा असा:

‘एका आघाडीच्या वाहन कंपनीत काम करताना मी पुरवठादारांच्या गुणवत्तेत लक्षणीय सुधारणा घडवून आणली. क्रॉस-फंक्शनल टीमचं नेतृत्व करत मूळ कारणाचं विश्लेषण केलं आणि रिजेक्शनचं प्रमाण मोठ्या प्रमाणावर कमी केलं. या अनुभवाने मला संवाद आणि चिकाटीचं महत्त्व शिकवलं.’

चूक काहीच नाही. पण हा परिच्छेद चाकण, रांजणगाव आणि भोसरीतला कोणताही क्वालिटी इंजिनिअर स्वतःच्या नावाने पाठवू शकतो. मग तिला खोदून विचारायचं. नेमका भाग कोणता? अॅल्युमिनियमचं हाउसिंग. काय बिघडत होतं? बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, लहान भरत होता. पुरवठादार कोण? भोसरीतलं छोटं वर्कशॉप, चौदा माणसं. तुझे साहेब काय म्हणत होते? व्हेंडर बदला. तू काय म्हणालीस? दोन आठवडे द्या. का? कारण त्यांच्याकडच्या तपासणीत तेच भाग पास होत होते, आणि दोघांचे गेज, म्हणजे मोजायची साधनं, बरोबर होते. मग? मग मी त्यांच्या सेकंड शिफ्टला जाऊन उभी राहिले.

तिथे तिला दिसलं, की घाईच्या दिवसांत भाग मशीनवरून उतरवला की गरम असतानाच मोजला जातोय. गरम भागाचा बोअर मोठा भरतो, गार झाल्यावर आकसतो. अॅल्युमिनियमच्या ६० मिलिमीटरच्या बोअरमध्ये १५ अंशांच्या फरकाने साधारण २० मायक्रॉन इकडचे तिकडे होतात. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, काटेकोर असेल तर भाग नापास व्हायला तेवढं पुरतं. आता दुसरा मसुदा:

‘माझ्या मॅनेजरांनी भोसरीच्या पुरवठादाराला काढायचं ठरवलं होतं. त्यांचं चूक नव्हतं, शंभरातले सात भाग परत जात होते. पण त्यांच्या तपासणीत पास झालेला भाग आमच्याकडे नापास होतो, आणि दोन्हीकडचे गेज बरोबर आहेत, हे मला पटत नव्हतं. मी दोन आठवडे मागितले. तोवर येणारा प्रत्येक भाग मी तपासून घेईन असं लिहून दिलं आणि डेव्हिएशन नोटवर (ठरल्यापेक्षा वेगळं चालवून घ्यायच्या परवानगीवर) माझी सही केली. लाइन थांबली असती तर उत्तर मलाच द्यायचं होतं. चौथ्या रात्री त्यांच्या सेकंड शिफ्टला मला दिसलं की भाग गरम असतानाच मोजला जातोय…’

शब्द वाढले खरे. पण आता विरोध आहे, मुदत आहे, सही आहे, आणि साहेबांनाही खलनायक केलेलं नाही. शेवटच्या मुद्द्याकडे लक्ष द्या. ज्या निबंधात बॉस मूर्ख आणि लेखक शहाणा असतो, तो वाचणाऱ्याला लेखकाबद्दल नको ते सांगून जातो.

तांत्रिक तपशील किती द्यायचा? एक वाक्य. गरम भाग मोठा भरतो, गार झाला की आकसतो, एवढं कोणालाही कळतं. मायक्रॉनचा हिशेब मुलाखतीसाठी ठेवा. आयटीवाल्यांनी हा नियम दुप्पट कडक लावून घ्यावा. मायक्रोसर्व्हिसेस, पाइपलाइन, मायग्रेशन यांची नावं निघाली की वाचणाऱ्याचं लक्ष उडालं. ‘शुक्रवारी रात्री नवीन सिस्टीम सुरू करायची होती, चाचणीत एक चूक सापडली होती, आणि क्लायंटला ती माहीत नव्हती’, इतकं पुरे. सांगायचं की नाही, हा तुमचा निर्णय. पुढे त्याबद्दल लिहा.

५०० शब्द असतील तर मी साधारण अशी वाटणी सुचवते: परिस्थिती ८०, पेच ७०, तुम्ही काय केलंत २००, काय झालं ७०, आणि त्यानंतर तुमच्या वागण्यात काय फरक पडला ८०. बहुतेक पहिल्या मसुद्यांत परिस्थितीच अडीचशे शब्द खाते. कापायची ती तिथे.

‘आम्ही’ आणि ‘मी’

आपल्या घरांत स्वतःबद्दल बोलणं म्हणजे फुशारकी. त्यामुळे निबंधभर ‘आम्ही हे केलं, टीमने ते केलं’. वाचणाऱ्याला टीमला प्रवेश द्यायचा नाही. दुसरीकडे काही जणांना सल्लागार सांगतात की सगळं ‘मी’ लिहा, आणि मग तीन वर्षांच्या अनुभवाचा मुलगा अख्खी कंपनी एकट्याने चालवत असल्याचा भास होतो.

यावर साधा उपाय आहे. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि विचारा, हे हाताने किंवा तोंडाने नेमकं कोणी केलं? विश्लेषण सहकाऱ्याने केलं असेल तर त्याला श्रेय द्या, त्याला ते करायला तुम्ही कसं राजी केलंत ते तुमच्या नावावर लिहा. खरी विभागणी केली की फुशारकीचा प्रश्न उरत नाही.

ध्येयाचा निबंध

इथे सगळ्यात जास्त हवाबाजी होते. ‘एमबीएनंतर मला कन्सल्टिंगमध्ये जायचंय आणि दीर्घकाळात स्वतःचं स्टार्टअप काढून समाजात बदल घडवायचाय.’ कसलं स्टार्टअप? कोणता समाज?

नजीकचं ध्येय लिहिताना काम, क्षेत्र आणि ठिकाण या तिन्ही गोष्टी असू द्या. ‘भारतातल्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपनीत स्ट्रॅटेजी विभागात, इलेक्ट्रिक वाहनांमुळे ज्या भागांची मागणी घटेल त्यांच्या पुरवठादारांसोबत काम’, असं म्हटलं की चित्र उभं राहतं. भोसरीच्या वर्कशॉपची गोष्ट सांगणाऱ्या आपल्या इंजिनिअरच्या तोंडी हे ध्येय शोभतंही. भूतकाळातल्या निर्णयातून पुढचं ध्येय उगवलं पाहिजे. तसं होत नसेल तर दोन्हींतलं एक तरी उसनं आहे.

अभ्यासक्रमाची रचनाही तुमच्या ध्येयाशी जुळायला हवी, आणि इथे पुष्कळ जण घसरतात. अमेरिकेतले बहुतेक पूर्णवेळ एमबीए दोन वर्षांचे, मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप. क्षेत्र पूर्ण बदलायचं असेल तर ती इंटर्नशिप मोलाची. इन्सिआडचा अभ्यासक्रम १० महिन्यांचा, वर्षातून दोनदा सुरू होणारा, आणि जानेवारीत रुजू होणाऱ्यांना मध्ये इंटर्नशिपपुरती सुट्टी मिळते. भारतातल्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांत सहसा तेवढी फट नसते. तेव्हा एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला अर्ज करून ‘कोडिंगमधून थेट इन्व्हेस्टमेंट बँकिंग’ असं लिहिणार असाल, तर इंटर्नशिपशिवाय ते कसं जमवणार हेही त्याच निबंधात सांगावं लागेल.

‘याच स्कूलला का’ याची कसोटी सोपी. स्कूलचं नाव खोडून दुसरं टाका. वाक्य तसंच उभं राहिलं तर ते काढा. ‘जागतिक दर्जाचे प्राध्यापक आणि वैविध्यपूर्ण विद्यार्थी’ सगळीकडेच आहेत. त्याऐवजी विषयांची यादी उघडा, दोन विषय निवडा, तुमच्या कोणत्या अडचणीला त्यांचा उपयोग ते लिहा. माजी विद्यार्थ्यांशी बोला, पुण्यात ते ढिगाने आहेत. ‘कसं आहे हो कॉलेज?’ विचारू नका. ‘तिथे जाऊन तुमचं कोणतं मत बदललं?’ हे विचारा.

अपयशाचा निबंध, आणि जादाच्या निबंधातली एटीकेटी

‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ ही कमतरता नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी मसुद्यांत ती येतेच. अपयश तुमच्या निर्णयामुळे झालेलं हवं, आणि त्याची झळ दुसऱ्या कोणाला तरी बसलेली हवी. नंतर तशीच वेळ पुन्हा आली तेव्हा तुम्ही वेगळं काय केलंत, हे सांगता आलं तरच प्रसंग निवडा. ‘मी धडा शिकलो’ हे वाक्य पुरावा नसतं.

जादाचा, म्हणजे ऐच्छिक निबंध आपल्या विद्यापीठाच्या मुलांनी जरूर वापरावा, पण सरळ माहिती देण्यासाठी. एटीकेटी म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्षात जाता येणं, हे परदेशात कोणाला माहीत नाही. इयर डाऊन हा शब्द तर मुळीच नाही. जुन्या पद्धतीत पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला ६६ टक्क्यांना डिस्टिंक्शन मिळायचं. ९० टक्क्यांच्या सवयीने बघणाऱ्याला तुमचे ६८ टक्के नापासाच्या जवळ वाटू शकतात. विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं, त्यामुळे थोरल्या भावंडांच्या वयाच्या अर्जदारांच्या गुणपत्रिकेवर एक नाव आणि पदवी प्रमाणपत्रावर दुसरं असू शकतं, तेही एका ओळीत सांगून टाका. विषय राहिले असतील तर कारण एका वाक्यात, पुढची सुधारणा दुसऱ्या वाक्यात. परीक्षा विभागाबद्दलच्या तक्रारी नकोत, कितीही खऱ्या असोत.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’

शिफारसपत्र निबंध नसलं तरी निबंधांचं अर्धं वजन त्यावर टेकलेलं असतं. आपल्याकडच्या साहेबांचं ठरलेलं वाक्य वर दिलंय. ते प्रेमानेच म्हणतात, त्यांना वेळ नसतो. पण शिफारस ज्याची त्याने लिहावी ही शाळांची स्पष्ट अट असते. शिवाय तुम्हीच लिहिलंत तर दोन शिफारसी आणि सगळे निबंध एकाच हाताचे वाटतात. शेकडो अर्ज वाचलेल्या माणसाला ते कळतं.

मधला मार्ग आहे. साहेबांना म्हणा, ‘सर, लिहायचं तुम्हीच, पण तुम्हाला आठवायला सोपं जावं म्हणून मी एक टिपण देतो.’ त्या पानावर पाच-सहा प्रसंग, तारखा, आकडे. विशेषणं नकोत. मग अर्धा तास मागा, ऑफिसबाहेर चहाला. अनेक शाळा जीमॅट घेणाऱ्या जीमॅक या संस्थेचा शिफारसपत्राचा सामाईक नमुना वापरतात. त्यात समान पातळीच्या इतरांच्या तुलनेत उमेदवार कसा, आणि त्याला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता व त्याने तो कसा घेतला, हे विचारलेलं असतं. दुसऱ्या प्रश्नाला आपले साहेब हमखास ‘काहीच कमी नाही, उत्तम मुलगा’ लिहून मोकळे होतात, त्यांना वाटतं तुमचं भलंच करतोय. त्यांना मुद्दाम सांगा की इथे खरा सल्ला लिहिलात तर माझा फायदा आहे.

मोठ्या हुद्द्याच्या माणसामागे धावू नका. दोनदा लिफ्टमध्ये भेटलेल्या व्हाइस प्रेसिडेंटपेक्षा, डेव्हिएशन नोटवर तुमच्या सहीशेजारी ज्याची सही आहे तो मॅनेजर हजारपट बरा.

सल्लागार, एआय आणि पडताळणी

पैसे देऊन सल्लागार घ्यायचा तर घ्या, पण काय घ्यायचं ते ठरवून. चांगला सल्लागार प्रश्न विचारतो. वाईट सल्लागार वाक्यं पुरवतो, आणि तीच वाक्यं पुढच्या खुर्चीतल्या मुलालाही. एआयचंही तसंच. प्रत्येक शाळेचं धोरण वेगळं आहे, ते आधी वाचा, कारण अर्जाच्या शेवटी हे लेखन माझंच आहे अशी हमी तुम्ही देता. धोरणात बसत असेल तर त्याला एवढंच म्हणा, ‘हे वाचून तुला कोणते दहा प्रश्न पडतात?’ लिहून मागितलंत तर वाक्यं गुळगुळीत येतील आणि तुमच्या गोष्टीतली ती कँटीन गायब होईल.

आकडे फुगवू नका. बऱ्याच शाळा निवडीनंतर बाहेरच्या संस्थेकडून नोकरी, पगार, हुद्दा, शिफारसी यांची पडताळणी करून घेतात, आणि त्यात खोटं निघालं तर दिलेला प्रवेशही जातो.

भाषेचे किरकोळ रोग

लाख-कोटी बाहेर कळत नाहीत. १ कोटी म्हणजे १० मिलियन, तसं लिहा, शक्य तिथे डॉलरमधला अंदाज द्या. ‘पास्ड आउट’ म्हणजे तिकडे चक्कर येऊन पडणं, कॉलेजातून बाहेर पडणं नव्हे. ‘डू द नीडफुल’, ‘रिव्हर्ट बॅक’ ऑफिसच्या मेलपुरते ठेवा. थोर माणसांची अवतरणं सुरुवातीला लावू नका, तेवढे शब्द तुमचे वाया जातात.

मसुदा तयार झाला की दोघांना वाचायला द्या. एक तुम्हाला चांगला ओळखणारा, एक तुमच्या कामाबद्दल काहीच न जाणणारा. ‘कसा वाटला?’ विचारलंत तर पुण्यात दोनच उत्तरं मिळतात, ‘मस्त’ किंवा ‘ठीक आहे’. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा, ‘कोणतं वाक्य लक्षात राहिलं?’ त्यांना निर्णयाचा प्रसंग आठवला तर काम झालं. पार्श्वभूमी आठवली तर परत कात्री.

वेळापत्रक

अमेरिकन शाळांची पहिली फेरी साधारण सप्टेंबरमध्ये बंद होते, दुसरी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. पहिली फेरी म्हणजे गणपती. पथकात असाल, घरी दहा दिवसांचा गणपती असेल, तर जुलैअखेर निबंध तयार हवेत, नाहीतर दुसरी फेरी धरा. दुसऱ्या फेरीवाल्यांची दिवाळी सुट्टी हाच पहिल्या मसुद्याचा काळ. शिफारस देणाऱ्यांना दिवाळीआधीच गाठा, कारण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुमचे साहेब सहकुटुंब कोकणात असतात आणि शिफारसीची लिंक त्यांच्या मेलमध्ये पडून राहते.

मुदतीची वेळ बहुधा अमेरिकन घड्याळाची असते. न्यूयॉर्कचे दुपारचे १२ म्हणजे आपल्याकडे सप्टेंबरमध्ये रात्रीचे ९:३०, जानेवारीत १०:३०. त्या रात्रीवर विसंबू नका, दोन दिवस आधी पाठवा. पाठवण्यापूर्वी प्रत्येक निबंधातलं स्कूलचं नाव तपासा. इन्सिआडच्या अर्जात आयएसबीचं नाव राहिल्याचे प्रकार खरोखर घडतात.

पाठवलेल्या अर्जाची पूर्ण प्रत स्वतःकडे छापून ठेवा. मुलाखतीला बोलावणं आलं तर त्यातलं कोणतंही वाक्य विचारलं जाऊ शकतं, आणि आपल्या इंजिनिअरने तेव्हा मायक्रॉनचा हिशेब खुशाल काढावा. बोलावणं आलं नाही आणि पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा अर्ज करायचा असेल, तर पुनर्अर्जाच्या निबंधात जुने प्रसंग नव्या शब्दांत मांडू नका. त्या वर्षभरात तुम्ही काय वेगळं ठरवलंत, कोणती नवी जबाबदारी मागून घेतलीत, एवढंच लिहा. मागचा अर्ज बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे असतो.